पूजेबाहेरचा पाना

हिंदुराव मिस्त्रीच्या गॅरेजात खंडेनवमीच्या दिवशी जो कोणी पानसुपारीला जायचा, त्याच्या नजरेला एक गोष्ट हटकून पडायची. शेडच्या मधोमध पांढरं धोतर अंथरलेलं असायचं आणि त्यावर सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडलेली. पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगची नळी, झाडून सगळं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि एकच रिंग पाना मात्र खांबाच्या खिळ्याला लटकत असायचा, तेलकट, काळा, फुलाच्या पाकळीलाही पारखा. नवखा माणूस भोळेपणानं म्हणायचा, मिस्त्री, हा एक राहिला की. मिस्त्री म्हणायचा, राहू दे. मग जुनी माणसं नवख्याला कोपरानं ढोसायची आणि बोलणं पेढ्यांकडं वळायचं.

लोकांनी याचे नाना अर्थ काढले. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे त्या पान्यानं माणूस दगावलाय. एकानं तर तो पाना चोरीचा आहे असंही उठवून दिलं. लोकांना काय, बसल्या बसल्या उद्योग. खरी गोष्ट याहून पुष्कळ साधी आहे आणि ऐकायला काही बरी नाही.

हिंदुराव मूळचा मोहोळकडचा, कोरडवाहू रानातला. तरणाबांड असताना सोलापुरात आला आणि हुसेनसाब उस्तादांच्या हाताखाली राहिला. उस्ताद म्हणजे त्या काळी सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत गाडीवाल्यांचा शेवटचा शब्द. त्यांनी हिंदुरावाला लोखंड कसं तापतं, कसं वाकतं, कुठं रुसतं ते शिकवलं. पुढं शेजारचीच जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याला मिळवून दिली आणि वय झाल्यावर आपलं गॅरेज बंद करून रोज संध्याकाळी याच्या शेडमध्ये चहाला येऊन बसू लागले. पोटच्या पोराला कुणी करणार नाही एवढं त्या माणसानं केलं.

हिंदुरावाचा हात खरंच चांगला होता, त्यात वाद नाही. पण माणूस मानाचा भुकेला. कुणी 'वा मिस्त्री' म्हटलं की गडी दोन वेळा जेवला नाही तरी चालेल. आणि कुणी कामात खोट काढली की तोंड असं पडायचं, की बायको रंभाबाई ताट वाढतानाच ओळखायची, आज कुणीतरी काहीतरी बोललंय. एवढी एक खोड सोडली तर माणूस सोन्यासारखा होता. पण ती एक खोडच एका वर्षी नडली.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. दुधनीला महादेवप्पा नावाचे आडत दुकानदार होते. तूर, उडीद, भुईमूग असा त्यांचा व्यवहार. त्यांच्याकडं एक जुनी फोर-व्हील पिकप होती, मिलिटरीच्या लिलावातली, डाव्या हाताच्या स्टेअरिंगची. दिसायला नुसतं धूड, पण पावसाळ्यात दुधनीच्या काळ्या रानात बैलसुद्धा रुतून बसायचे तिथं ही गाडी पुढची चाकं जोडली की चिखल तुडवत निघायची. दुष्काळात तिनं गावोगाव धान्य पोचवलं होतं. रात्री-अपरात्री अडलेली बाई अक्कलकोटच्या दवाखान्यात न्यायची तर हीच गाडी. तिचा ड्रायव्हर जोतीराम, त्याच भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरचा. गाडीवर त्याचा एवढा जीव, की स्वतःच्या लग्नात तो घोड्यावर न बसता पिकपवर बसून आला होता.

या गाडीचा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरला पोचवणारा तो ओतीव नळ, तडकला. हिंदुरावानं पितळ ओतून तो सांधला, पुन्हा तडकला. पुन्हा सांधला, पुन्हा तेच. त्या जातीचा नवा कुठं मिळणार? लिलावातल्या गाडीला ना माय ना बाप. तेव्हा पुण्याच्या एका दुकानदारानं सांगितलं, ओतीव कशाला शोधता, हेडर लावा. प्रत्येक सिलेंडरला वेगळी नळी आणि सगळ्या नळ्या पुढं जाऊन एकात मिळणार. इंजिनाचा श्वास मोकळा होतो, ओढ वाढते. महादेवप्पांनी तो सेट मागवला आणि गाडीबरोबर जोतीरामाला सोलापूरला धाडलं. दसऱ्याच्या आत गाडी रस्त्याला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

सोलापुरात तोवर कुणी हेडर बसवलेला नव्हता. हिंदुरावानं सेट हातात घेतला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, की हा उजव्या स्टेअरिंगच्या गाडीचा हिशेब धरून केलेला माल आहे. या गाडीत स्टेअरिंगचा दांडा नेमका नळ्यांच्या वाटेत येत होता. दुसऱ्या कुणी हातोडीनं नळी चेपून वाट करून दिली असती. यानं नाही केलं. दोन नळ्या कापल्या, नव्या नळीत सीना नदीची वाळू कोरडी करून ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद केली आणि गॅसच्या ज्योतीवर लाल करून हळूहळू वाकवली. वाळू भरली की नळी वाकते पण चेपत नाही, ही उस्तादांची शिकवण. मग वाळू झाडली, नळ्या जोडल्या, इंजिनाला टेकणारी पट्टी कानशीनं घासून आरशासारखी सपाट केली, पॅकिंग घातलं आणि नट आवळले. जोतीराम कामभर शेजारी बसून होता. पाना लागला की मागायच्या आधी त्याचा हात पुढं व्हायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी चालू केली. आधी नळ्यांवरचं तेल जळून धूर झाला आणि मग जो आवाज निघाला, तो ऐकून बोळातली माणसं दारात आली. जुनी खोकणारी गाडी ती, आणि आता पोटातून घुमत होती. जोतीराम एक चक्कर मारून येतो म्हणून गेला आणि सात रस्त्याला जाऊन त्यानं अशी काही रेस केली, की रिक्षावाले वळून बघायला लागले. परत आला तेव्हा तोंडभर हसत होता. हिंदुराव शेडच्या दारात उभा होता आणि येणारा-जाणारा 'वा मिस्त्री' म्हणत होता. पोट भरलं त्याचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. असं काम एकदा तापून थंड झालं की नट सैल पडतात. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की बसतं, पॅकिंग दबतं. म्हणून पहिल्या तापण्यानंतर गार इंजिनावर प्रत्येक नट पुन्हा आवळायचाच. हे हिंदुरावाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानंच जोतीरामाला सांगितलं होतं, सकाळी गाडी गार असताना ये, नट फिरून बघतो, मगच दुधनीची वाट धर. महादेवप्पांची आई, गौरम्मा, सोलापुरात लेकीकडं आली होती. तिला दसऱ्याला घरी न्यायचं होतं, त्यामुळं गाडी नवमीला निघणारच होती. 'सकाळी ये' असं सांगताना नवमीला हत्यार उचलायचं नसतं हे हिंदुरावाच्या ध्यानात आलं नाही, असं म्हणता येईल. पण तेही खरं नाही. पूजा लागायच्या आधी, पहाटेच काम उरकू, असं त्याच्या मनात होतं. पहाटे त्याला जाग आली नाही. आदल्या दिवशीचं कौतुक अंगात भिनलं होतं.

सकाळी शेड भरलेली. टायरवाले, बॅटरीवाले, स्प्रिंगवाले, दोन ट्रकमालक. पूजा मांडून झाली होती आणि पहिला नारळ दरवर्षीप्रमाणं हुसेनसाब उस्तादांच्या हातात दिला होता. सगळे हेडरचंच बोलत होते. एक ट्रकमालक म्हणाला, असलं काम पुण्या-मुंबईतसुद्धा कुणी करणार नाही, आणि हिंदुराव खाली मान घालून हसत होता, जसा माणूस अजून थोडं ऐकायला मिळावं म्हणून हसतो. तेवढ्यात दारात पिकप थांबली. पुढं ड्रायव्हरशेजारी गौरम्मा बसलेली, मांडीवर गाठोडं. जोतीराम उतरला, चपला काढल्या, पूजेला हात जोडला आणि हळूच म्हणाला, मिस्त्री, तेवढं नट बघायचं म्हनला हुता.

हिंदुरावाला ते ऐकू आलं आणि पहिल्यांदा त्याला रागच आला. आत्ता? या सगळ्यांदेखत बॉनेट उघडून पाना फिरवायचा म्हणजे हे काय म्हणणार? काल वा वा केलं ते काम अर्धंच होतं म्हणायचं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जोतीरामानं पुन्हा विचारलं. तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज नवमी हाय. हत्यार पूजेत हाय. काय हुत न्हाय, जा निवांत. दसरा झाला की ये."

उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. ते सहसा बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "हिंदू, एक दफा तपे बाद नट ढीले पडते. कस के दे उसकू."

ट्रकमालकानं मान वळवून बघितलं. हिंदुरावाच्या कानाची पाळी गरम झाली. ज्या माणसानं त्याला पाना धरायला शिकवला, त्या माणसाकडं न बघता तो म्हणाला, "उस्ताद, आमच्यात आज हत्यार उचलत न्हाईत."

'आमच्यात' म्हणाला तो. उस्तादांनी सबंध हयातभर आपल्या गॅरेजात पोरांसाठी नवमी पाळली होती, झेंडू स्वतः आणले होते, आणि त्यांना हा सांगतो, आमच्यात. यापुढं त्या म्हाताऱ्यानं काय बोलावं? त्यांनी मान हलवली आणि हातातल्या नारळाकडं बघत राहिले. जोतीराम म्हणाला, बरं मिस्त्री, आणि गेला. बोळाच्या टोकापर्यंत तो घुमणारा आवाज ऐकू येत होता आणि ट्रकमालक पुन्हा म्हणाला, वा मिस्त्री.

हिंदुरावाला देवाची भीती वाटली असती तर गोष्ट निराळी होती. पण त्या घटकेला त्याच्या मनात देव नव्हताच. देव त्यानं नुसता आडोशाला धरला होता, पाऊस आला की माणूस डोक्यावर पोतं धरतो तसा. हे त्याचं त्याला तेव्हाच कळलं होतं. पेढा तोंडात घोळत होता आणि गिळवत नव्हता.

अक्कलकोट ओलांडून गाडी दुधनीच्या वाटेला लागली आणि नट सुटले. पॅकिंग फुटलं, आणि इंजिनातला जळता धूर सरळ पेट्रोलच्या रबरी नळीवर. बॉनेटमधून जाळ आला तेव्हा जोतीरामानं गाडी रस्त्याकडेला घातली, गौरम्माला गाठोड्यासकट उचलून लांब ज्वारीच्या बांधावर नेऊन बसवलं आणि मग परत येऊन तापलेलं बॉनेट दोन्ही हातांनी उचललं. शेतातली माती ओंजळीनं टाकून टाकून त्यानं आग विझवली. म्हातारीच्या केसालाही धक्का लागला नाही. गाडीचं तोंड काळंठिक्कर पडलं आणि जोतीरामाच्या दोन्ही तळव्यांची सालपटं निघाली.

हिंदुरावाला हे दसऱ्याच्या दुपारी कळलं. माणसं सोनं वाटायला येत होती आणि त्यातल्याच एकानं दुधनीची बातमी आणली. वर तो म्हणाला, ड्रायव्हरनं म्हणे नवं काम केलेल्या गाडीला लई रेस केली, आदल्या दिवशी सात रस्त्यालाही तेच चाललं होतं, गौरम्माच्या इथल्या जावयानं स्वतः बघितलं. मालक भडकलेत, आई होती ना गाडीत. ड्रायव्हरला काढून टाकणार. हिंदुरावानं हातातली आपट्याची पानं त्याला दिली, सोन्यासारखे रहा म्हणाला आणि आत जाऊन पाण्याच्या पिंपाशी उगीच उभा राहिला. बोलायचं होतं ते तोंडापर्यंत येत होतं आणि तिथंच बसत होतं. उद्या बोलू, असं त्यानं ठरवलं. उद्या आला आणि गेला.

मग जोतीराम आला. शेडच्या दारात उभा राहिला, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. आला भांडायला, हिंदुरावाला वाटलं, आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला थोडं बरंही वाटलं. चार शिव्या देऊ दे, कॉलर धरू दे, म्हणजे आपल्यालाही बोलता येईल. पण जोतीराम दाराच्या आतसुद्धा आला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातच्या कामाला माज्यामुळं बट्टा लागला. मी लई रेस केली त्या दिशी. मला माफी करा."

त्याला खरंच तसं वाटत होतं. मालक म्हणाले, जावई म्हणाले, चार माणसं म्हणाली, आणि त्यानं मानलं. नट बघायचे राहिले होते, हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. मिस्त्री काय हुत न्हाय म्हणाला होता, म्हणजे होत नव्हतं, त्याच्यापुरता विषय संपला.

आणि हिंदुराव काय म्हणाला? तो म्हणाला, "असू दे."

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. त्यानं चहा मागवला, चिंध्यांमुळं जोतीरामाला कप धरता येईना म्हणून आपल्या हातानं बशी त्याच्या तोंडाला लावली आणि वर सांगितलं, की नव्या कामाला सुरुवातीला सांभाळून चालवावं लागतं, रेस करायची नसते. जोतीराम व्हय व्हय म्हणत मान हलवत होता. चहा संपला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमी लई मोठ्या मनाचं, मिस्त्री, असं म्हणून तो गेला.

तो गेला आणि हिंदुराव तिथंच खाली बसला. आजवर कुणाची वस्तू चोरली असती तर एवढी लाज वाटली नसती. आपण त्या माणसाला माफ केलं. आपण! हा विचार आला की कान बंद करून घ्यावेत असं त्याला व्हायचं. जेवताना ताट बाजूला सारायचा. रंभाबाईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला, आणि मग त्याचीही लाज वाटली. पाना हातात घेतला की ती चिंध्यांची बोटं दिसायची.

उस्ताद दसऱ्यापासून चहाला आले नव्हते. तोच त्यांच्या घरी गेला. सांगायला सुरुवात केली तर उस्तादांनी हात वर करून थांबवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "तेरी पूजा थी, बाबा," ते म्हणाले. "मैं क्या बोलता?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तो दुधनीला गेला. महादेवप्पा आडतीत गादीवर बसले होते, भोवती गिऱ्हाइकं. हिंदुरावानं ठरवलं होतं, आत शिरल्या शिरल्या बोलायचं, बसायचं नाही. तसंच केलं. म्हणाला, मालक, जोतीरामाची चूक न्हाय, चूक माजी हाय. नट पुन्हा आवळायचं हुतं, तो सकाळी आला हुता, मी परत धाडला. नवमी म्हणून हत्यार उचललं न्हाय.

महादेवप्पांनी ऐकून घेतलं आणि हसले. चांगले होते हो ते, वाईट नव्हते. "बिड्री मिस्त्री, सोडा ते," ते म्हणाले, "नवमीला मी तराजूला हात लावत नाही, तुम्ही पान्याला कसा लावाल? याच्यात चूक काय?" मग गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाले, बघा, माणूस कसा असतो, गरिबाची भाकर जाऊ नये म्हणून सोलापुरासनं आला आणि आळ स्वतःवर घेतोय. हिंदुराव म्हणाला, तसं न्हाय मालक. महादेवप्पा म्हणाले, कळतं मला. हिंदुराव पुन्हा म्हणाला, तसं न्हाय. पण तसं नाही म्हणजे कसं, हे सांगायचं तर ते सगळंच सांगावं लागलं असतं: ट्रकमालकाचं कौतुक, उस्तादांचं तोंड बंद केलं ते, आणि पूजा नव्हे तर लोकांची भीती. तेवढं त्याच्या तोंडून निघेना. आणि इकडं दिवाणजी पांढराशुभ्र टॉवेल आणि नारळ घेऊन आला होता. महादेवप्पांनी स्वतः उठून टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. तुमच्या शब्दाखातर जोतीराम राहील, म्हणाले. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. त्या क्षणी जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं हिंदुरावाला झालं.

जोतीराम बाहेर पारावर होता. आतली बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. धावत आला आणि पाया पडायला वाकला, तसं हिंदुरावानं त्याचे दंड धरले. धरून ठेवले, कारण सोडले असते तर तो वाकला असता. आणि मग, आत जे निघालं नाही ते इथं निघालं. सगळं सांगितलं त्यानं. हत्यार पूजेत होतं हे नुसतं निमित्त, लोकांत कमीपणा येईल म्हणून तुला परत धाडला. उस्ताद म्हणाले तरी. नट आवळले असते तर काही झालं नसतं. तू रेस केलीस त्याचा यात काही संबंध नाही.

जोतीराम ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रागानं नाही, एखादा माणूस ओळखीचा वाटून जवळ जावं आणि निराळाच निघावा तसा. त्यानं विचारलं, "मग मी माफी मागाया आलो हुतो, तवा तुमी काय म्हनला हुता?"

हिंदुरावानं त्याचे दंड सोडले.

"असू दे म्हनला हुता," जोतीराम म्हणाला. "च्या पाजला."

तो निघाला, आणि चार पावलांवर थांबून मागं न बघता म्हणाला, मला सांगून काय उपेग मिस्त्री, जितनं मला परत धाडलं तितं सांगा. हिंदुराव तो टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून एस्टीत बसला. सोलापूर आलं तेव्हा लक्षात आलं आणि त्यानं तो घडी करून पिशवीत कोंबला. तो टॉवेल पुढं त्या घरात कुणी कधी वापरला नाही.

जिथनं परत धाडलं तिथं सांगायचं म्हणजे त्याच शेडमध्ये, त्याच माणसांपुढं. एकेकटे ते रोजच भेटत होते. बॅटरीवाला तर शेजारीच. पण रोज काहीतरी आडवं यायचं, आणि काही आलं नाही तर हा स्वतः आणायचा. दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा गेली, उन्हाळा गेला. पिकप दुरुस्तीला दुसऱ्या मिस्त्रीकडं गेली असं कळलं. हेडर तोच ठेवला होता. अधूनमधून सात रस्त्याकडून तो घुमणारा आवाज यायचा आणि हातातलं काम थांबायचं. बोळात मात्र तो कधी वळला नाही.

पुढची नवमी आली. तीच पूजा, तीच माणसं. उस्तादांना तो स्वतः हाताला धरून घेऊन आला होता. ते आले, ही त्यांची माया. नारळ त्यांच्या हातात दिला आणि तेवढ्यात तो आवाज ऐकू आला, या वेळी जवळ, अगदी जवळ, आणि दारात बंद झाला.

जोतीराम उतरला. चपला काढल्या, पूजेला हात जोडला. तळवे गुलाबी दिसत होते, बोटं पुरती मिटत नव्हती. मागच्या वर्षीच्याच जागी उभा राहून, मागच्या वर्षीच्याच आवाजात तो म्हणाला, "मिस्त्री, तेवढं नट बघायचं हुतं."

शेडमध्ये कुणालाच काही कळेना. ट्रकमालक म्हणाला, अरे बाबा, आज नवमी. हिंदुराव उठला. पांढऱ्या धोतरावरून त्यानं एक रिंग पाना उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. रंभाबाईच्या तोंडून अगंबाई निघालं आणि तिनं पदर तोंडाला लावला. हळदकुंकवासकट पाना घेऊन तो बाहेर गेला, बॉनेट उघडलं आणि एकेका नटाला पाना लावून बघितला. नट घट्टच होते. गाडी आता चांगल्या हातात होती. तरी त्यानं एकही सोडला नाही.

मग वाकलेला सरळ झाला आणि दाराकडं तोंड करून बोलला. सगळ्यांना ऐकू गेलं. "गेल्या साली ह्यो ह्येच काम घिऊन आला हुता. उस्तादांनी सांगितलं नट आवळ म्हणून. मी तुमच्याम्होरं कमी दिसू नये म्हणून देवाचं नाव घेतलं आन् दोघांना गप केलं. ह्येचं हात जळलं ते माज्यामुळं. आन् माफी मागाया आला, तर मी त्येला माफ केलं."

टायरवाला जमिनीकडं बघत होता. उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. या माणसांनी काय मानलं, त्याला थोर म्हटलं की हलकट, हे हिंदुरावानं पाहिलंच नाही. त्याची नजर एकट्या जोतीरामावर होती.

त्याला दोनच शब्द ऐकायचे होते. किती सोपे शब्द, त्यानं स्वतः एका घोटात म्हटले होते. जोतीराम त्याच्याकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलले, असंही एकदा वाटलं. मग त्यानं न मिटणाऱ्या बोटांनी बॉनेट खाली ओढलं, अंगठ्यानं दाबून खटका लावला आणि गाडीत बसला. येतो मिस्त्री, एवढं म्हणाला. गाडी बोळातून बाहेर पडली आणि दुधनीच्या रस्त्याला लागली.

हिंदुराव दारात उभा होता. आतून रंभाबाईनं हाक मारली, नारळ फोडायचा राहिलाय म्हणून. पान्यावरचं हळदकुंकू त्याच्या घामानं हाताला लागलं होतं. ते त्यानं फडक्यानं पुसलं, पाना पुन्हा पूजेत न ठेवता, नवमीलाही उचलता यावा असा, खांबाच्या खिळ्याला अडकवला आणि आत गेला.